शिकायला जड जाणाऱ्या मुलाला कुठे घालावं? सीमाभागातल्या पालकांसाठी शाळांची तुलना

मुलगा तिसरीत गेला तरी वाचत नाही, मुलगी चार वर्षांची झाली तरी दोन शब्दांच्या पुढे बोलत नाही, हे लक्षात आलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत पहिला विचार येतो तो शाळा बदलण्याचा. आजीला गावातली मराठी शाळा बरी वाटते, वडिलांना शहरातली इंग्रजी शाळा हवी असते आणि कुणीतरी नातेवाईक विशेष शाळेचं नाव सुचवतो. मग तुलना सुरू होते फी, बस आणि इमारतीची. आपल्या भागात मात्र सगळ्यात आधी भाषेचा विचार करायला हवा. इथल्या मुलाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी, म्हणजे तीन भाषा आणि तीन लिप्या पेलायच्या असतात. ज्याला एकच लिपी जड जाते, त्याच्यावरचं हे ओझं कुठे कमी होईल?

शाळा ठरवण्याआधी तपासणी करून घ्या. आधी कान आणि डोळे, मग बाकीचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पुढची तपासणी आणि दिव्यांगत्वाचा दाखला यासाठी सिव्हिल हॉस्पिटल आहे. बुद्ध्यांकाची चाचणी असेल तर ती कुठल्या भाषेत होणार, हे आधी विचारा. घरात फक्त मराठी ऐकलेल्या मुलाला कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत प्रश्न विचारले की ते गप्प बसतं आणि गप्प बसण्याचे गुण कापले जातात. मराठी बोलणारे तज्ज्ञ मिळेपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल. चुकीचा शिक्का बसला तर तो पुसायला फार त्रास होतो.

गावातली सरकारी मराठी शाळा

वाचन-लेखनाची अडचण, सौम्य बौद्धिक अक्षमता, उशिरा बोलणं, चंचलपणा असं काही असेल, तर प्राथमिक वर्षांसाठी माझा कौल या शाळेला आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळणारा मुलगा किराणा दुकानात सुट्ट्या पैशांचा हिशेब चोख करतो, हे मी जवळून पाहिलं आहे. त्याच्या बाईंनी पुस्तकावर कागदाची पट्टी धरून एका वेळी एकच ओळ उघडी ठेवली. अक्षरं आधी ताटातल्या रव्यात बोटाने गिरवून घेतली, पाटी-पेन्सिल नंतर. शब्दांचे अर्थ त्याला घरूनच माहीत होते, त्यामुळे मेहनत फक्त अक्षरांवर करावी लागली. परक्या माध्यमात त्याला अक्षर आणि अर्थ, दोन्हींशी एकदम झगडावं लागलं असतं.

पटसंख्या घटलेल्या शाळेत गुरुजींना प्रत्येक मूल नावानिशी माहीत असतं. मूल त्याच गल्लीतल्या दोस्तांबरोबर चालत जातं. ‘ढ’ म्हणून चिडवणं तिथेही होतं, पण ज्याच्याबरोबर संध्याकाळी विटी-दांडू खेळतो त्याला पोरं सहसा एकटं पाडत नाहीत.

उणं काय? एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात. समग्र शिक्षा योजनेतून विशेष मुलांसाठी तालुक्याच्या बीआरसीत (गट संसाधन केंद्रात) संसाधन शिक्षक असतात, पण एका माणसाकडे कितीतरी शाळा असल्याने फेरी क्वचित होते. म्हणून बीआरसीत जाऊन मुलाचं नाव नोंदवा आणि भेटीचा दिवस विचारून घ्या. दिव्यांग मुलींच्या विद्यावेतनाची आणि अतितीव्र दिव्यांगत्व असल्यास घरी येऊन शिकवण्याची तरतूदही याच योजनेत आहे. मागितल्याशिवाय ती क्वचितच घरापर्यंत पोहोचते.

शहरातली खासगी इंग्रजी शाळा

या शाळांत काही ठिकाणी समुपदेशक असतात, सोयी बऱ्या असतात. सीबीएसईत विशेष मुलांना भाषाविषयांत सूट, लेखनिक (मुलाने सांगितलेली उत्तरं लिहून देणारा) आणि वाढीव वेळ मिळतो. आईवडील दोघंही इंग्रजीत सहज वावरणारे असतील तर विचार जरूर करा.

पण ज्या घरात इंग्रजी नाही, तिथल्या उशिरा बोलणाऱ्या मुलासाठी ही निवड मला धोक्याची वाटते. ‘घरीही इंग्रजीच बोला’ असा सल्ला अशा पालकांना सर्रास मिळतो. तो मानू नका. मुलाची भाषा वाढते ती आई ज्या भाषेत रागावते, लाड करते, गोष्ट सांगते त्या भाषेत. अडखळत बोललेल्या इंग्रजीने घरातलं बोलणंच आटतं. ‘अशी मुलं आम्ही घेत नाही’ असं कुठल्याही मान्यताप्राप्त शाळेने सांगितलं, तर नकार लेखी मागा. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने असा भेदभाव करायला बंदी आहे.

विशेष शाळा

जन्मतः अंध मुलाला ब्रेल आणि काठी घेऊन चालणं लहानपणीच शिकायला हवं आणि ते शिकवणारे शिक्षक साध्या शाळेत नसतात. बेळगावात यासाठी महेश्वरी अंध शाळा आहे. पाया पक्का झाला की मूल साध्या शाळेत आणता येतं. तीव्र बौद्धिक अक्षमता असेल तर जेवण, कपडे, शौच, रस्ता ओलांडणं हाच अभ्यास असतो आणि विशेष शाळा तो नीट शिकवते.

कर्णबधिर मुलांच्या बाबतीत मात्र खोलवर चौकशी करा. शाळेत खुणांची भाषा आहे का? बोलायला शिकवतात ते कन्नडमध्ये की मराठीत? श्रवणयंत्र लावलेलं मूल शाळेत कन्नड ओठ वाचतं आणि घरी मराठी, तेव्हा दोन्हीकडे अर्धवट राहतं. घरची भाषा वापरणारी वाचा-उपचारतज्ज्ञ आणि खुणा शिकायला तयार असलेले आईवडील, हे दोन्ही जमलं तर मूल पुढे सरकतं.

काही पालक महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या शिनोळीपलीकडे, कोल्हापूरकडे बघतात. तिथे मराठीतून शिकवणाऱ्या विशेष शाळा मिळतात, हे खरं. दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) देशभर चालतं, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमाही चालतो. पण पेन्शन, बसपास आणि राज्याची शिष्यवृत्ती रहिवासी दाखल्याशी बांधलेली असते. सहा-सात वर्षांचं मूल वसतिगृहात ठेवायचं असेल तर या सवलतींपेक्षा रात्री ते कुणाजवळ झोपणार, याचा विचार आधी करा.

कुठलीही शाळा निवडा, दहावीची तयारी आठवीतच सुरू करावी. लेखनिक, तासाला 20 मिनिटं जादा वेळ यांसाठी दाखला लागतो आणि तो ऐनवेळी निघत नाही. दहावीचं ओझं झेपणारच नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) विषय निवडून पाच वर्षांत नऊ संधींत परीक्षा देता येते. प्रवेश घेण्याआधी जवळचं अभ्यासकेंद्र आणि मराठी माध्यमात मिळणारे विषय तेवढे विचारून घ्या.