8 पॅनलचं लोखंडी प्लेपेन, घरात पिल्लू आणि म्हातारी कुत्री दोघं असताना 3 महिने वापरून

5 पैकी 4 स्टार. एक स्टार उंचीसाठी कापलाय, त्याचं पुढे सांगते.

वस्तू तशी साधी आहे, पिल्लाला आत ठेवायचं सुट्या भागांचं कुंपण. लोखंडी जाळीची 8 पॅनल, प्रत्येक 24 इंच रुंद आणि 24 इंच उंच, एका पॅनलला छोटं दार, आणि जोडायला वरून खाली सरकवायच्या सळया. ऑनलाइन 2,900 ला पडलं. पिल्लाला शी-शू शिकवायला मदत होईल म्हणून घेतलं होतं, ती झालीच, पण त्याच्यामुळे आमच्या राधीचं दुखणं कळलं आणि खरं तर त्यासाठीच एवढं लांबलचक लिहायला बसलेय.

आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, मी, नवरा, सासूबाई आणि राधी. राधी लॅब्राडोर आहे, 11 वर्षांची, दुसऱ्या वर्षी पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेलं, आयुष्यात कधी घरात घाण केली नाही, अगदी पोट बिघडलं तरी दाराशी जाऊन उभी राहायची. जूनच्या शेवटी पार्किंगमध्ये जनरेटरच्या मागे एक पिल्लू सापडलं, दोन दिवस आईची वाट बघितली, ती काही आली नाही, पाऊस सुरू झाला आणि मग त्याला वरच आणलं. डॉक्टर दात बघून म्हणाले 8-9 आठवड्यांचं असेल. पोट एवढं गोल होतं की नाव भोपळ्या पडलं.

पहिल्या आठवड्यात सगळे सांगतात तेच आम्ही पण केलं, पेपर पसरले, शू शोषून घेणारे ट्रेनिंग पॅड आणले. पॅडचं थोडक्यात सांगते, आमच्याकडे अजिबात चालले नाहीत. त्याने ते फाडले, आतलं जेल तोंडात घेतलं, ते काढताना मला रडू यायचं बाकी होतं. शिवाय मऊ कापडासारखं काहीतरी जमिनीवर असलं की तिथे करायचं असं त्याच्या डोक्यात बसलं, मग पायपुसणं पण गेलं आणि सासूबाईंची सतरंजी पण गेली. ज्यांचं पिल्लू फाडत नाही त्यांना ते चालत असतील, मी परत घेणार नाही.

खरी अडचण लसीची असते. बाहेर न्या, बाहेर न्या असं सगळे सांगतात, पण 9 आठवड्यांच्या पिल्लाला सोसायटीत खाली सोडता येत नाही, पार्व्होचा (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा) विषाणू मातीत वर्ष वर्ष टिकतो आणि आमच्याकडे खाली रस्त्यावरची बरीच कुत्री येतात. डोस 3-4 आठवड्यांच्या अंतराने साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालतात, तोपर्यंत घरातच सोय करायला लागते. फ्लॅटमध्ये हे सगळ्यात अवघड जातं.

तर आता प्लेपेन कसं लावायचं ते. पहिल्या दिवशी मी सगळी 8 पॅनल लावून 4 बाय 4 फुटाचा चौकोन केला, आत गादी, पाणी, खेळणी, मला वाटलं छान ऐसपैस आहे. चूक. त्याने गादीच्या शेजारीच शू केली आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन झोपला. झोपायची जागा पिल्लू सहसा खराब करत नाही पण जागा मोठी असली तर त्याच्यासाठी ती एक जागा नसतेच, दोन खोल्या होतात. मग 6 पॅनलचा 2 बाय 4 फुटाचा लांबट आकार केला, एका टोकाला गादी, दुसऱ्या टोकाला लॉनचा ट्रे. नर्सरीत कारपेट लॉनचे तुकडे मिळतात ना, तो एक तुकडा प्लास्टिकच्या उथळ ट्रेमध्ये, दर 8-10 दिवसांनी बदलायचा. पायाला गवत लागलं की शू करायची हे असं शिकलं की पुढे खाली नेल्यावर वेगळं शिकवावं लागत नाही. पॅडपेक्षा हे शंभर पटीने बरं. उरलेली 2 पॅनल स्वयंपाकघराच्या दारात आडवी लावून सुतळीने बांधली, म्हणजे राधीचं जेवण आणि भोपळ्याचं जेवण वेगळं झालं, नाहीतर ती त्याचं पिल्लांचं खाणं फस्त करायची आणि तिचं वजन आधीच जास्त आहे.

वेळा पाळायला लागतात, प्लेपेन म्हणजे आत टाकलं आणि विसरलं असं नाही. उठल्या उठल्या, खाल्ल्यावर 15-20 मिनिटांत, आणि खेळता खेळता मध्येच थांबून जमीन हुंगायला लागला की लगेच ट्रेवर. एक ठोकताळा आहे की जितके महिने वय त्यात एक मिळवा, तेवढे तास जास्तीत जास्त, म्हणजे 2 महिन्यांचं असेल तर 3 तास, पण जागं असताना एवढं धरत नाही, दीड तास धरून चाला. रात्री आम्ही 2 आणि 5 चा गजर लावायचो, नवरा आणि मी आलटून पालटून. ट्रेवर केलं की तिथल्या तिथे, त्याच सेकंदाला चिकनचा बारीक तुकडा आणि शाबास. तुम्ही डबा आणायला गेलात तर बक्षीस कशाचं मिळालं हे त्याला कळत नाही, म्हणून डबी प्लेपेनलाच अडकवून ठेवा.

आठ-दहा दिवसांत दिवसाचं बरंच जमलं. पण सकाळी उठल्यावर हॉलमध्ये दिवाणाशेजारी ओलं दिसायचंच. रोज नाही, दोन दिवसाआड. आणि दिवसा भोपळ्याला प्लेपेनमधून सोडला की तो सरळ तिथेच जाऊन करायचा. सासूबाई म्हणायच्या, "अगं, याने परत तिथेच केलं बघ." मला वाटायचं रात्री गजराला उठून बाहेर काढतो तेव्हा आमचं लक्ष नसताना करत असेल. मी त्याला तिथे नेऊन रागावले पण आहे, दोन-तीनदा, आवाज चढवून. त्याने काय झालं तर तो माझ्यासमोर शू करायचाच बंद झाला, सोफ्यामागे जाऊन लपून करायला लागला, आणि ते निस्तरायला आणखी आठवडा गेला. पिल्लाला मागाहून रागावून काहीही कळत नाही, फक्त तुमच्यासमोर करणं धोक्याचं आहे एवढं कळतं. हे वाचलेलं होतं तरी केलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

मग एका रात्री मला आणि नवऱ्याला दोघांनाही ताप होता, गजर लावलाच नाही, सासूबाई रात्री 2 ला त्याला प्लेपेनमध्येच ट्रेवर उभं करून आल्या, दार उघडलंच नाही. सकाळी दार बंद, भोपळ्या आत गाढ झोपलेला, ट्रे ओला, आणि बाहेर दिवाणाशेजारी नेहमीच्याच जागी हाताएवढं थारोळं. मी उभी राहून बघतच राहिले. मग राधीची चटई उचलली तर खालून ओली. राधी मान वळवून भिंतीकडे बघत होती.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी लघवी तपासली, रक्त तपासलं, इन्फेक्शन आणि साखर नाही ना, किडनी ठीक आहे ना ते बघायला, कारण या वयात ती सगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचे उपचार वेगळे. सगळं ठीक आलं. मग म्हणाले, ऑपरेशन झालेल्या माद्यांमध्ये, खास करून मोठ्या जातीच्या, वय झालं की मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो आणि झोपेत गळतं, तिला स्वतःला कळत पण नाही. गोळी सुरू केली, दोन आठवड्यांत जवळजवळ थांबलं. एवढं सोपं होतं आणि आम्ही महिनाभर एका पिल्लाला दोष देत होतो आणि एक म्हातारी कुत्री सकाळी ओल्या चटईवरून उठत होती. म्हणून घरात थोरलं कुत्रं असेल तर कृपा करून, पहिल्याच आठवड्यात दोघांची झोपायची जागा वेगळी करा म्हणजे कुठलं ओलं कोणाचं ते कळेल. प्लेपेनचे पैसे तिथेच वसूल झाले.

आता भोपळ्या तिथेच का जायचा त्याचं. राधीचा वास. कुत्र्याला जिथे आधीच्या शूचा वास येतो तिथे करावंसं वाटतं, आणि आमच्याकडे फरशी फिनाइलने पुसली जायची. फिनाइलने आपल्या नाकाला वास जातो, त्याच्या नाकाला जात नाही, शिवाय ते पिल्लाच्या पंजावर आणि मग जिभेवर जातं ते वेगळंच. व्हिट्रिफाइड टाइल्स वरून पुसल्या तरी मधल्या सांध्यांत मुरतं. एक यूव्ही टॉर्च घेतली 350 रुपयांची, तिच्या उजेडात शूचे जुने डाग चमकतात, रात्री दिवे घालवून मारली तर दिवाणाच्या पायाशी सगळे सांधे पिवळट चमकत होते. मग एन्झाइमवालं, म्हणजे शूचा वास मुळापासून मोडणारं क्लीनर आणलं. ते वापरायची पद्धत आहे, आधी ओलं टिपून घ्यायचं, साध्या पाण्याने पुसायचं, फिनाइलचा अंश राहिला तर एन्झाइम नीट काम करत नाहीत, मग भरपूर ओतून 15 मिनिटं तसंच ठेवायचं, लगेच पुसायचं नाही. आमच्या जागेला तीनदा करावं लागलं. आणि ब्लीच अजिबात नको, शूमधल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. सासूबाईंना टॉर्च मारून दाखवली तेव्हापासून त्या स्वतः फिनाइलची बाटली बाथरूमबाहेर आणत नाहीत.

तोच वास बाहेर आपल्या उपयोगाचा. डोस चालू होते तोपर्यंत राधीला खाली नेताना भोपळ्याला कडेवर घेऊन जायचो, ती बसली की मी "शू कर, शू कर" म्हणायचे, तो बघायचा. लसी पूर्ण झाल्यावर डॉक्टरांनी दोन आठवडे थांबायला सांगितलं आणि मग पहिल्यांदा जमिनीवर सोडला तर तो कंपाउंडच्या भिंतीशी कडुलिंबाखाली राधीच्या जागेवर गेला, हुंगलं, आणि केलं. पहिल्याच दिवशी! मी तिथेच खाली बसून त्याला जवळ घेतलं, वॉचमनकाका पण हसायला लागले. आता साडेपाच महिन्यांचा आहे, घरात शेवटचं केलं त्याला 3 आठवडे झाले.

प्लेपेनच्या तक्रारी. 24 इंच उंची पिल्लासाठी ठीक, पण 4 महिन्यांचा झाल्यावर तो पुढचे पाय टाकून वर चढायला लागला आणि एकदा मागचा पाय जाळीत अडकला, नशिबाने घरात होतो. 36 इंची घ्या, थोडे पैसे जास्त जातात पण घ्या. आत सोडताना गळ्यातला पट्टा काढून ठेवा, जाळीत अडकून फास बसू शकतो. टाइल्सवर सरकतं आणि चरे पाडतं, त्याला खुर्चीच्या पायांचे रबरी बूच लावले, बसतात. खालचा रंग पावसाळ्यात उडालाच, ट्रेच्या बाजूच्या दोन पॅनलना गंज आलाय. कडी रात्री खडखडते, कापड गुंडाळलं की थांबते.

आता भोपळ्याला ते लागत नाही, तरी 4 पॅनल अजून हॉलमध्ये उभी आहेत, राधीच्या गादीभोवती. दुपारी तिला शांत झोपायचं असतं आणि हा कान ओढतो, म्हणून ती स्वतःच आत जाते आणि दार लावायला माझ्याकडे बघते. गादीवर आता वॉटरप्रूफ कव्हर आहे, लहान बाळाच्या दुकानातून आणलेलं, धुवायला सोपं पडतं.