ओटो शिलींची कारकीर्द संसदेच्या कागदांतून: आठ महिन्यांच्या वापरानंतर ‘डिप’

जर्मन संसदेचा, म्हणजे बुंडेस्टागचा, ‘डिप’ हा दस्तऐवजसंग्रह फुकट आहे आणि त्यात १९४९पासूनचे कागद मिळतात. वकिलीतून राजकारणात आलेल्या ओटो शिलींसारख्या माणसासाठी तो वापरायचा, तर नाव टाकून शोधायची सवय आधी सोडा.

शोध क्रमांकापासून सुरू करावा. १०/५०७९ यातला १० म्हणजे दहावा कार्यकाळ आणि ५०७९ हा त्यातला छापील कागद. हा फ्लिक उद्योगसमूहाच्या पक्षदेणग्यांवरच्या चौकशी समितीचा अहवाल, फेब्रुवारी १९८६चा. शिली त्या समितीत ग्रीन पक्षातर्फे होते. पुढच्याच महिन्यात ते संसदेतून बाहेर पडले, कारण मुदतीच्या मध्यावर जागा सोडायची हा पक्षाचाच नियम. १९८७मध्ये ते परतले. ही खाच माहीत नसली की शोध चुकला असंच वाटतं.

जुने कागद स्कॅन केलेले, दोन रकान्यांचे. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द शोधात सापडेलच असं नाही. शिवाय १९९०च्या दशकातल्या शुद्धलेखन-सुधारणेआधी ‘आउसशुस’ (समिती) या शब्दाच्या शेवटी एस्त्सेट (ß) हे अक्षर असायचं, आता दोन एस असतात. दोन्ही रूपं टाकून पाहा. इतिवृत्तातला संदर्भ देताना पानाबरोबर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षरही लागतं: डावा रकाना ए-बी, उजवा सी-डी. टाळ्या आणि मध्येच मारलेले टोमणे कंसात नोंदवलेले असतात. वाचायला खरी मजा तिथेच येते.

१९८९मध्ये शिली सोशल डेमोक्रॅट झाले, १९९८ ते २००५ गृहमंत्री होते. मंत्र्याचं विधेयक सरकारच्या किंवा पक्षगटांच्या नावावर येतं. २००१च्या दहशतवादविरोधी तरतुदींना लोक ‘ओटो-काटालोग’ म्हणत (ओटो नावाच्या टपालविक्री कंपनीच्या कॅटलॉगवरची कोटी), पण १४/७३८६ या विधेयकावर नाव आहे सत्ताधारी पक्षगटांचं. सरकारी विधेयक आधी बुंडेसराटकडे, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभागृहाकडे, जातं, त्याला एरवी सहा आठवडे लागतात. पक्षगटाने मांडलं की ती फेरी वाचते.

उणिवा दोन. १९७५ ते १९७७ चाललेल्या श्टामहाइम खटल्यात (‘रेड आर्मी फॅक्शन’ या डाव्या दहशतवादी गटाच्या म्होरक्यांवरचा) गुड्रुन एन्सलिनचा बचाव करणारे शिली इथे नाहीत. तो न्यायालयाचा कागद, संसदेचा नव्हे. दुसरी उणीव जास्त फसवी आहे. २००५च्या हवाई सुरक्षा कायद्याचं विधेयक, चर्चा, मतदान सगळं मिळतं. पण अपहृत विमान पाडण्याची परवानगी देणारं कलम १४(३) घटनात्मक न्यायालयाने १५ फेब्रुवारी २००६ला रद्द केलं, आणि तो निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर वेगळा काढून वाचावा लागतो.