हॉट टबवालं कॉटेज बुक करण्याआधी हे वाचा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि भारतातून आईवडील किंवा सासूसासरे येणार म्हणून सुट्टीसाठी घर शोधत असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. ऑगस्टच्या बँक हॉलिडेला यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या एका कॉटेजसाठी आम्ही 920 पौंड भरले. प्रत्यक्ष गेलो तेव्हा दुसरंच कुटुंब त्या घरात उतरलेलं होतं. सासूबाईंचे गुडघे आणि सासऱ्यांचं बीपी बघून, त्यांना फार चालायला लागू नये आणि संध्याकाळी गरम पाण्यात बसता यावं म्हणून मुद्दाम हॉट टबवालं घर निवडलं होतं. पैसे गेल्याचा राग आहेच, पण साताऱ्याहून एवढ्या लांब आलेल्या सत्तरीच्या माणसांना परक्या दारात बॅगा घेऊन उभं राहायला लावलं, ते मला अजून पचलेलं नाही.

ही फसवणूक कशी चालते ते नीट समजून घ्या. घर खरं असतं, पत्ता खरा असतो, गाव तर खरंच असतं. भामटे खऱ्या मालकाच्या जाहिरातीतले फोटो उचलतात, त्यात दुसऱ्याच कुठल्या घराच्या अंगणातला हॉट टब घालतात आणि आपली वेबसाइट उभी करतात. नकाशावर घर सापडतं, स्ट्रीट व्ह्यूवर दार दिसतं, त्यामुळे शंका घ्यायला जागाच उरत नाही. भाडंसुद्धा फुकटात दिल्यासारखं नव्हतं. तीन रात्रींचे 620 पौंड, म्हणजे त्या वीकेंडला आजूबाजूला चालू असलेल्या दरापेक्षा थोडेसेच कमी. पन्नास टक्के सूट दिली तर लोक सावध होतात, हे या लोकांना पक्कं ठाऊक आहे.

भाडं बँक ट्रान्सफरने मागितलं. इथल्या बँका पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव जुळतं का ते तपासतात. आमच्या वेळी नाव बरोबर जुळलं, हिरवी खूण आली. ही खूण फक्त एवढंच सांगते की त्या नावाचं खातं आहे. खातेदार प्रामाणिक आहे की नाही, हे ती सांगत नाही. भामटे अशी खाती भाड्याने घेतात किंवा कुणा विद्यार्थ्याला चार पैसे देऊन त्याचं वापरतात. पैसे तिथे आले की तासाभरात पुढे सरकलेले असतात. मग आठवड्याभराने दुसरी मागणी आली: हॉट टबचं 300 पौंड डिपॉझिट, परत मिळणारं, पण 'डिपॉझिट सांभाळणाऱ्या कंपनी'च्या युरोपातल्या खात्यावर. सोबत शिक्का, सही आणि अटी असलेला दोन पानी करारही होता. हे दुसरं खातं परदेशी होतं, आणि आमच्या बाबतीत सगळा फरक तिथेच पडला. त्याबद्दल पुढे लिहिते.

आमचं कॉटेज रॉबिन हुड्स बे या गावात होतं. हे गाव कड्याच्या उतारावर वसलेलं आहे. खालच्या जुन्या वस्तीत बोळ इतके चिंचोळे आहेत की पाहुण्यांनी गाड्या वरच्या कार पार्कमध्ये लावायच्या आणि भरभक्कम उतार चालत उतरायचा. जाहिरातीत मात्र 'दारात दोन गाड्यांचं पार्किंग' लिहिलं होतं. सासूबाई एक हात कठड्यावर आणि एक माझ्या खांद्यावर ठेवून खाली आल्या. दार उघडलं ते हातात चहाचा टॉवेल घेतलेल्या एका इंग्लिश बाईने. तिने आमचा कागद वाचला आणि म्हणाली, "तुम्ही या उन्हाळ्यातले पहिले नाही हो." मागे डोकावलं तर अंगण म्हणजे दोन कुंड्या आणि कपडे वाळत घालायची दोरी. तिथे टब ठेवायचा म्हटला तर माणसाला उभं राहायलाही जागा उरली नसती. त्या बाईने सासूसासऱ्यांना आत बसवलं, चहा दिला आणि खऱ्या मालकिणीला फोन लावला. मालकीण बिचारी रडकुंडीला आली होती. तिच्या घराचे फोटो चोरून दुसऱ्यांना लुटलं जातंय आणि दर वेळी तिलाच दारातून माफी मागावी लागते. बँक हॉलिडेला जवळच्या व्हिटबी गावात एक खोली शिल्लक नव्हती. रात्री उशिरा स्कारबरोला एका जुन्या हॉटेलात दोन खोल्या मिळाल्या.

जाहिरातीतला एक फोटो मी मुद्दाम सगळ्यांना दाखवते. टबमध्ये बसलेलं जोडपं, हातात ग्लास आणि समोर समुद्रात बुडणारा सूर्य. रॉबिन हुड्स बे पूर्वेकडे तोंड करून आहे. तिथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि मावळतो तो मागच्या मूर्सवर, म्हणजे उंच माळरानावर. म्हणजे तो फोटो बहुधा पश्चिमेच्या किनाऱ्यावरचा, नाहीतर समुद्राच्या पार पलीकडचा असणार. कुठलंही किनाऱ्यावरचं घर बुक करताना नकाशा उघडून दिशा बघा. फोटोवर इंटरनेटवर उलटा शोध (रिव्हर्स इमेज सर्च) घ्या, तोच टब दुसऱ्या गावातल्या घरात दिसतो का पाहा. वेबसाइट कधी नोंदवली ते फुकटात बघता येतं. आमची जूनमधली होती आणि तिच्यावर '2011 पासून तुमच्या सेवेत' असं छापलेलं होतं.

पण माझ्या मते सगळ्यात चांगली परीक्षा हॉट टबचीच आहे. ज्याच्याकडे खरंच टब आहे, तो त्याच्यापायी वैतागलेला असतो. भाड्याने दिलेल्या घरातल्या टबमध्ये लेजिओनेला जंतू वाढू नयेत म्हणून प्रत्येक पाहुण्यानंतर पाणी काढून, टब धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा भरावा, असं इथल्या आरोग्य-सुरक्षा खात्याचं मार्गदर्शन सांगतं. विजेवरच्या साध्या टबचं पाणी तासाला एक-दोन अंशच तापतं. सकाळी दहाला आधीचे पाहुणे गेले, दुपारी चारला तुम्ही आलात, तर तोपर्यंत टब कोमटच असायचा. खरा मालक हे आपणहून सांगतो. पाण्यात ब्रोमीन घालतो की क्लोरीन, झाकण कसं लावायचं, रात्री दहानंतर शेजाऱ्यांना त्रास नको, पाणी 40 अंशांच्या वर न्यायचं नाही, लहान मुलांना बसवू नका, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा, अशी त्याची यादीच असते. लाकडावरचा टब असेल तर ओंडके किती मिळतील आणि तीन-चार तास आधी पेटवायला लागेल, हेही सांगेल. आमच्या 'मालका'ला माझ्या नवऱ्याने विचारलं होतं, पाणी कधी बदलता? उत्तर आलं, "नेहमी गरम, सर, चोवीस तास." तुम्हाला असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. मालकाला व्हिडिओ कॉल करून झाकण उघडून दाखवायला सांगा. स्कॉटलंडमध्ये घर घेत असाल तर परवाना क्रमांक जाहिरातीत असायलाच हवा, तो मागा.

आता पैशांबद्दल. 7 ऑक्टोबर 2024 पासून ब्रिटनमध्ये नियम आहे: फसवून करवून घेतलेलं बँक ट्रान्सफर बँकेने परत करायचं, कमाल 85,000 पौंडांपर्यंत. शेवटचं पेमेंट केल्यापासून 13 महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. बँकेने पाच कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो, पण जास्त माहिती हवी असल्यास ती कामकाजाच्या 35 दिवसांपर्यंत थांबू शकते. तक्रारदाराकडून 100 पौंडांपर्यंत रक्कम कापायची मुभा बँकेला आहे, आणि आमच्या बँकेने पूर्ण शंभर कापले. 620 मधले 520 परत आले. पण हा नियम फक्त ब्रिटनमधल्या खात्यांना लागू आहे. परदेशी खात्यावर गेलेल्या 300 पौंडांसाठी बँकेने हात वर केले. दुसरं पेमेंट युरोपात मागण्यामागचं कारण हेच असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

क्रेडिट कार्डाची गोष्ट वेगळी. 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम 75 खाली, 100 पौंडांहून महाग आणि 30,000 पर्यंतच्या खरेदीला कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. सगळी रक्कम कार्डाने भरली पाहिजे असंही नाही, बुकिंगचा थोडा भाग भरला तरी पूर्ण रकमेला संरक्षण मिळतं. मध्ये एजंट असेल तर मात्र हा दावा अडकू शकतो, म्हणून पैसे नक्की कुणाला जातायत ते आधी विचारा. डेबिट कार्डावर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत, मागता येतो. 'कार्ड चालत नाही, ट्रान्सफर केलंत तर दहा टक्के कमी करतो' असं म्हणणाऱ्याशी बोलणंच बंद करा.

आपल्या लोकांत अशी गोष्ट झाकून ठेवायची सवय आहे. मंडळाच्या गणपतीत मी हे सांगितलं, तेव्हा दोन घरांनी हळूच कबूल केलं की त्यांनाही असाच चुना लागला होता, एकाला कॉट्सवोल्ड्समध्ये आणि एकाला लेक डिस्ट्रिक्टमध्ये. दोघांनीही ना बँकेला कळवलं होतं ना पोलिसांना. त्यातल्या एकांचे 13 महिने अजून भरलेले नव्हते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बँकेत तक्रार नोंदवली.

फसलात तर आधी बँक. 159 हा क्रमांक बहुतेक बँकांच्या फसवणूक विभागाशी थेट जोडून देतो. मग पोलिसांची रिपोर्ट फ्रॉड सेवा, तिचं आधीचं नाव ॲक्शन फ्रॉड, क्रमांक 0300 123 2040. तिथे मिळणारा तक्रार क्रमांक जपून ठेवा. खोटा मेसेज एसएमएसवर आला असेल तर 7726 ला पाठवा. करार, चॅट आणि वेबसाइटचे स्क्रीनशॉट लगेच काढा, कारण आमची वेबसाइट आम्ही स्कारबरोला पोचेपर्यंत गायब झाली होती. गेल्या आठवड्यात तोच टब, त्याच निळ्या झाकणासकट, कॉर्नवॉलमधल्या सेंट आयव्हजच्या एका कॉटेजच्या नावाने मला पुन्हा दिसला. त्याची तक्रार केली आहे. ऑक्टोबरच्या हाफ टर्मला, म्हणजे शाळांच्या सुट्टीत, सेंट आयव्हजला घर घ्यायच्या विचारात असाल तर पैसे भरण्याआधी ती जाहिरात मला पाठवा, मी फोटो ताडून सांगते.