जुनी ट्रॅव्हलर कॅम्पर, घरची माणसं आणि घाट: वर्षभराचा अनुभव

"मध्येच बंद पडली तर?" जुनी कॅम्पर (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय केलेली गाडी) घेतल्यापासून हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारलाय, अगदी सोसायटीच्या वॉचमनकाकांनीसुद्धा. आई, बायको, दोन मुलं आणि चार दिवसांचं सामान घेऊन निघायचं, तर प्रश्न रास्तच आहे. वर्षभर पुण्यातून कोकण, कोल्हापूर, आंबोली अशी गाडी फिरवल्यावर माझं मत पक्कं झालंय. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं ही बाजू भरवशाची. त्रास देते ती मागची, नंतर बसवलेली घराची बाजू. जुनी कॅम्पर बघायला जाणारे बहुतेक जण नेमकं उलटं करतात. किलोमीटर किती झालेत ते विचारतात आणि आतलं फर्निचर बघून खूश होतात.

आमची गाडी २०१२ची टेम्पो ट्रॅव्हलर. आधी टुरिस्टमध्ये धावलेली, मग एका हौशी मालकाने कॅम्पर करून घेतलेली. ट्रॅव्हलर १९८७ साली बाजारात आली ती मर्सिडीझच्या टी-१ व्हॅनच्या आराखड्यावर, आणि जुन्या गाड्यांतलं डिझेल इंजिनही मर्सिडीझच्याच ओएम ६१६च्या घराण्यातलं. साधं, दणकट, हळू चालणारं. ॲव्हरेज दहाच्या आसपास मिळतं. हायवेला सत्तर-पंचाहत्तरच्या वर मी नेत नाही आणि तिलाही ते आवडत नाही. पण खरी जमेची बाजू वेगळी आहे. ही गाडी बनवणारी फोर्स मोटर्स आकुर्डीचीच, तिचे पार्ट नाना पेठेत हातोहात मिळतात आणि महाराष्ट्रात असा तालुका नाही जिथे ट्रॅव्हलर टुरिस्ट म्हणून किंवा रुग्णवाहिका म्हणून धावत नाही. म्हणजे तिच्यावर हात बसलेला फिटर सगळीकडे आहे. कुटुंब घेऊन फिरताना मला याहून मोठी खात्री कुठली वाटत नाही. गाडी बिघडणारच नाही असं कुणीच सांगू शकत नाही. बिघाड आधी सांगून येतो का आणि दुपारी निघालेलं काम संध्याकाळपर्यंत उरकतं का, एवढंच मी बघतो.

याचा अनुभव मे महिन्यात ताम्हिणी चढताना आला. माणगावकडून पुण्याला परत येत होतो. भर दुपार, गाडी भरलेली. टेंपरेचरचा काटा नेहमीच्या जागेवरून सरकायला लागला आणि पाठोपाठ कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) तो गोडसर वास आला. सावली बघून गाडी कडेला घेतली, चाकांमागे दगड लावले, आईला आणि मुलांना खाली उतरवून झाडाखाली बसवलं. रेडिएटरची वरची होज, म्हणजे रबरी नळी, क्लिपजवळ चिरली होती. मागून येणारा एक टेम्पोवाला न सांगता थांबला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "दादा, टोपणाला हात लावू नका, अर्धा तास जाऊ द्या." बरोबर होतं त्याचं. गरम रेडिएटरमध्ये दाब असतो, टोपण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर इंजिनच्या वरच्या भागाला, हेडला, तडा जाऊ शकतो. गाडी निवल्यावर त्याने चिरलेला भाग पात्याने कापला, उरलेली होज ओढून पुन्हा क्लिप आवळली, आमच्याकडचं पाणी भरलं आणि रेडिएटरचं टोपण सैल ठेवून सावकाश न्यायला सांगितलं. पौडला पोचल्यावर नवी होज टाकली. पैसे घ्यायला तो तयार नव्हता, मुलांनी त्याला आंबे दिले.

घरी आल्यावर मी गाडीतलं सगळं रबर बदलून टाकलं. दोन्ही होज, हीटरचे पाइप, फॅन बेल्ट, ब्रेकचे होज. जुन्या गाडीत लोखंड टिकतं, रबर टिकत नाही, आणि ते किलोमीटरवर नाही, वयावर जातं. टायरचंही तेच. आमच्या टायरना नक्षी भरपूर होती, पण बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचले तर सात वर्षांपूर्वीचे निघाले (पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष). बाजूच्या भिंतीवर केसासारख्या भेगा होत्या. सहाही बदलले. खर्च झाला, पण मागे आई बसलेली असताना टायर फुटण्याची कल्पना मला सहन होत नाही.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण भरलेली कॅम्पर म्हणजे रिकामी ट्रॅव्हलर नव्हे. प्लायवूडची कपाटं, पलंग, बॅटरी, गॅस, वर शंभर लिटरची पाण्याची टाकी, म्हणजे नुसत्या पाण्याचंच शंभर किलो. हे सगळं वजन घाट उतरताना ब्रेकवर येतं. चढताना इंजिन तापतं ते काट्यावर दिसतं. उतरताना ब्रेकचे ड्रम तापतात ते कुठेच दिसत नाही, एकदम पेडल मऊ लागतं. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, आंबोलीला बहुतेक दुसऱ्यात. न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून डिझेल वाचवणारे लोक मी पाहिलेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम दोन-तीनदा पेडल दाबल्यावर संपतो आणि पाय दगडावर पडल्यासारखा होतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचंच, गाडी उभी असली तरी. पाण्याची टाकी मी पुण्यातून निम्मीच भरून निघतो, मुक्कामाजवळ पूर्ण भरतो.

आता घराची बाजू. इथे मात्र मला राग आहे. ज्याने हे काम केलं त्याने सुतारकाम देखणं केलंय आणि वायरिंग जीवघेणं. कोल्हापूरच्या मुक्कामात रात्री बायकोला प्लास्टिक जळल्याचा वास आला. सीटखालची फळी उचलली तर फ्रिजची वायर हात लावता येणार नाही इतकी गरम आणि तिचं आवरण मऊ झालेलं. बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य वायरला फ्यूजच नव्हता. बारा व्होल्टवर तेवढ्याच कामाला करंट जास्त वाहतो. घरच्या दिव्याची बारीक वायर इथे चालत नाही, आणि फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ लागतो. भोसरीतल्या एका ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून सगळं वायरिंग काढून नव्याने करून घेतलं, लेड ॲसिडच्या जागी १०० ॲम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी बसवली. तिच्यात साधारण १२८० वॉट-अवर वीज मावते. छोटा कंप्रेसरचा फ्रिज, दोन पंखे आणि मोबाइल एवढं रात्रभर आरामात चालतं. एसीची आशा ठेवू नका.

गॅसही तसाच. प्रत्येक मुक्कामाला नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतो. स्वयंपाक दार आणि खिडकी उघडी ठेवूनच, झोपताना सिलिंडर बंद. एलपीजी हवेपेक्षा जड, ते खाली साचतं, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक हवंच. आमच्या गाडीत ते नव्हतं, पाडून घेतलं.

छत पहिल्याच पावसात दापोलीला गळलं. छतावरच्या हवेच्या झडपेभोवती (व्हेंट) साधं सिलिकॉन फासलेलं होतं, ते उन्हाने सुटलं होतं. ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट लावल्यापासून थेंब नाही. गादी मात्र गेली.

आणखी एक गोष्ट, जी फोटोंत छान दिसते म्हणून कुणी विचारत नाही. कॅम्परमधली आडवी, भिंतीला लागून असलेली सीट ही बसून गप्पा मारायला आहे, प्रवासाला नाही. गाडी चालू असताना घरातलं प्रत्येक माणूस पुढे तोंड असलेल्या, बेल्टच्या सीटवर. मुलं कुरकुरतात, तरीही.

कागदांचं काम आधी करा. बॉडीत केलेला बदल मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओत नोंदवावा लागतो. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी नेमकं त्यावरच बोट ठेवेल. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे फिटनेस तपासून आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. जुनी गाडी घेताना ही तारीख किमतीत धरलीच पाहिजे.

तुम्ही कुणाची गाडी बघायला जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि ती तुमच्यासमोरच पहिल्यांदा सुरू करायला सांगा. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. गार इंजिन किती सेल्फ खातं (सुरू व्हायला किती वेळ घेतं), धूर कसला येतो, निळा की काळा, आणि पाच मिनिटांनी तो थांबतो का, हे बघितल्याशिवाय आतल्या कपाटाचं दार उघडूच नका.