‘देवी’ची ब्लू-रे: पैसे वसूल, पण प्लेअर आधी तपासा

सत्यजित राय यांच्या ‘देवी’वर (१९६०) हिंदू श्रद्धेवर घाव घातल्याचा आरोप झाला होता. सिनेमा नीट पाहिला तर श्रद्धेची टिंगल त्यात कुठेही नाही, आणि म्हणूनच तो जास्त झोंबतो. जमीनदार कालीकिंकर ढोंगी नाहीत, कुणाला लुबाडतही नाहीत. धाकटी सून दयामयी साक्षात काली आहे असं स्वप्न त्यांना पडतं आणि ते तिच्या पायांवर डोकं ठेवतात. त्या क्षणी तिच्याकडे बघा. ती भिंतीकडे तोंड फिरवते, पायांची बोटं आत वळतात. शर्मिला टागोर तेव्हा पंधराच्या आसपास होत्या.

अंगात येणं, घुमणं असलं इथे काहीच नाही. दयामयी स्वतः कसलाच दावा करत नाही, चढतं ते भोवतालच्यांना. एक आजारी पोर बरं होतं आणि दारात रांगा लागतात. कोल्हापूरकराला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो, तिला देवीचा मान मिळतो, आणि ती घरी जाऊन पुन्हा मुलगीच होते. दयामयीला ही परतीची वाट कुणी ठेवत नाही. नवरा रात्री तिला पळवून न्यायला निघतो, तेव्हा नदीकाठी विसर्जन झालेल्या मूर्तीचा सांगाडा दिसतो आणि तिचेच पाय अडतात. आपण खरंच देवी असलो तर? अख्ख्या सिनेमातला सगळ्यात भीतिदायक प्रश्न हाच. शेवट सांगत नाही.

आता डिस्कबद्दल. क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने २०२१ मध्ये काढलेली ही ब्लू-रे ४के रिस्टोरेशनवरून, म्हणजे बारीक तपशिलासह दुरुस्त केलेल्या प्रतीवरून, केली आहे. सुब्रत मित्र यांचं छायाचित्रण यूट्यूबवरच्या धुरकट प्रतींत अक्षरशः मरतं. इथे मच्छरदाणीची जाळी, धुपाचा धूर, कपाळावरचं कुंकू वेगवेगळं दिसतं. श्रेयनामावलीतला मूर्तीचा कोरा पांढरा चेहरा हळूहळू रंगत, सजत जातो, तो भाग चुकवू नका. पुढे सुनेचं काय होणार ते तिथेच सांगून टाकलंय.

अडचण झोनची. ब्लू-रे डिस्क जगाच्या ठरावीक भागातल्या प्लेअरपुरत्या बांधलेल्या असतात, तो भाग म्हणजे झोन. ही डिस्क झोन ‘ए’ची, भारत झोन ‘सी’मध्ये. आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर ती लागणार नाही, सगळ्या झोनचा प्लेअर लागतो. ऑर्डर देण्याआधी प्लेअरचं मॉडेल तपासा, कारण वेष्टन फोडलेली डिस्क दुकानदार सहसा परत घेत नाही.

टीव्हीवर ‘व्हिव्हिड’ मोड बंद करून ‘सिनेमा’ मोड लावा, नाहीतर रात्रीच्या प्रसंगांतले काळे भाग एकजीव होतात. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंगही बंद. चित्र जवळजवळ चौरस आहे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवायला चित्र ताणलंत तर शर्मिलाचा चेहरा पसरट होईल. आवाज मोनो आहे. अॅम्प्लिफायरवर ‘हॉल’ किंवा ‘स्टेडियम’ असला आवाजाचा इफेक्ट लावला की अली अकबर खाँ यांचं संगीत घुमायला लागतं.

सबटायटल्स फक्त इंग्रजी, हा मोठा उणेपणा. बंगाली आपल्या कानाला थोडं कळतं, नाती मात्र गोंधळतात. म्हणून पाहण्याआधी दयामयीची नाती एवढी लक्षात ठेवा: कालीकिंकर सासरा, ताराप्रसाद थोरला दीर, हरसुंदरी जाऊ, खोका पुतण्या, उमाप्रसाद कलकत्त्यात शिकणारा नवरा. हरसुंदरीचं काम करणाऱ्या करुणा बॅनर्जी म्हणजे राय यांच्या ‘पथेर पांचाली’तली अपूची आई. घरात हा प्रकार न पटणारी बाई तीच. शर्मिला टागोर आणि सौमित्र चटर्जी यांच्या मुलाखती सिनेमानंतरच बघा, आधी बघितल्या तर शेवट फुटतो.

नवरात्रात मंडळातर्फे दाखवायचा विचार असेल तर डिस्क विकत घेतली म्हणजे जाहीर खेळाचे हक्क मिळाले असं होत नाही. ते वेगळे घ्यावे लागतात.