परदेशी प्रवेशाचे मार्गदर्शन, रत्नागिरीत

मुलीच्या अमेरिकेतील पदवी प्रवेशासाठी आम्ही मारुती मंदिर परिसरातील एका केंद्राचा सल्ला घेतला. तेथील समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले की, हार्वर्ड विद्यापीठावर प्रवेशातील भेदभावावरून झालेल्या खटल्यात पुढे आलेल्या आकड्यांनुसार तेथे माजी विद्यार्थ्यांच्या अर्जदार मुलांपैकी सुमारे 33 टक्क्यांना, तर इतरांपैकी जेमतेम 6 टक्क्यांना प्रवेश मिळत असे. मात्र त्या मुलांना चांगल्या शाळांचाही लाभ मिळालेला असतो, त्यामुळे हा सगळा फरक केवळ घराण्याच्या नात्याचा मानू नये, असेही त्या म्हणाल्या. तरीही त्यांनी असे नाते विचारात न घेणाऱ्या एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स आणि अ‍ॅमहर्स्टवर भर दिला. खोटी आशा न दाखवणारा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. शुल्क थोडे अधिक आहे. निबंध तपासून मिळण्यास वेळ लागतो, तेव्हा नाव लवकर नोंदवावे.