पुण्यातल्या जुन्या चर्चमधली उपासना, ऑर्गन आणि पेटी: जवळपास वर्षभराचा अनुभव

जुलैतल्या एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी आमच्या चर्चच्या ऑर्गनचा एक सूर अडकला. वादक सरांनी पट्टीवरून बोट उचललं तरी तो वाजतच राहिला. मंडळी रांगेने पुढे जाऊन गुडघे टेकताहेत, पाळक साहेब भाकर देताहेत आणि वरून तो एकच जाड सूर अखंड चालू. शेवटी हवेची मोटर बंद केली, तेव्हा तो उतरत उतरत कण्हल्यासारखा थांबला. पुढे दुरुस्तीवरून जे रामायण घडलं, त्यानंतर ठरवलं की इथल्या उपासनेचा, संगीताचा आणि बाकी उपक्रमांचा अनुभव एकदा सविस्तर लिहायचाच. नाताळ तोंडावर आहे, त्यामुळे यायचा विचार करणाऱ्यांना उपयोग होईल.

चर्चचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्यावर राग आहे ते बाहेरचे आहेत आणि उगाच नाव चर्चचं खराब होईल. जुन्या चर्चची पुण्यात वाण नाही. सिटी चर्चला सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली ती १७९२ साली, कॅम्पातलं सेंट मेरीज १८२५चं, पंचहौदच्या चर्चच्या मनोऱ्यात तर इंग्लंडहून आलेल्या आठ घंटा आहेत. आमचंही याच पंगतीतलं: दगडी भिंती, उंच लाकडी छत आणि टाळी वाजवली तर घुमत राहणारा आवाज. मी गायनवृंदात खालच्या पट्टीतला आल्टो गाते. गेल्या नाताळात समितीने प्रथमच वर्षभराचा कार्यक्रम छापून हातात दिला आणि तेव्हापासून मी तो जवळजवळ पूर्ण पाळला आहे.

ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातली पायपेटी अनेकांच्या डोळ्यांपुढे येते. ती वेगळी. तिच्यात पितळी पत्त्या असतात आणि पायाने भाता मारला की हवा आत ओढली जाऊन त्या वाजतात. आमचा ऑर्गन नळ्यांचा. हवा नळीत शिरते आणि बासरीसारखा नळीतला हवेचा स्तंभच वाजतो. एका जातीच्या आवाजाच्या नळ्यांची एक रांग असते; जिला आठ फुटी म्हणतात त्या रांगेतली सर्वांत मोठी नळी खरोखरच आठ फुटांच्या आसपास असते. तिचा आवाज कानाआधी बाकाच्या फळीतून मांडीला जाणवतो. ज्यांनी हे प्रत्यक्ष ऐकलेलं नाही त्यांना मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगमधून काहीच कळणार नाही, म्हणून मी लिंका देत बसत नाही.

आता ज्या गोष्टीने माझं डोकं वर्षभर खाल्लं ती सांगते. आमची मराठी उपासना पेटी-तबल्यावर चालते आणि इंग्रजी चालींची भाषांतरित गीतं ऑर्गनवर. छापील कार्यक्रमात मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं की सणांच्या दिवशी 'ऑर्गन व पेटी एकत्र'. ऐकायला छान. डिसेंबरात, फेब्रुवारीत चाललंही. एप्रिल उजाडला आणि दोन्ही वाद्यं एकमेकांशी भांडायला लागली. पेटीवाले काका म्हणत ऑर्गन चढलाय, सर म्हणत पेटी जुनी झाली, आणि आम्ही गाणारे मध्ये लटकलेले. कोणाचं ऐकायचं? मी फोनवर सूर मोजायचं ॲप टाकलं आणि ऑर्गनच्या नळीजवळ फोन धरला. डिसेंबरातल्या सकाळी सेकंदाला ४४० कंपनांच्या जवळ असलेला सूर मे महिन्यातल्या संध्याकाळी ४५०च्या घरात. पेटी मात्र होती तिथेच.

यात बिघाड कुठलाच नाही, हे नीट समजून घ्या. हवा तापली की तिच्यातून आवाज जास्त वेगाने जातो आणि नळीची लांबी तीच असल्यामुळे सूर चढतो. १५ अंशांचा फरक पडला तर ४४०चा साधारण ४५१ होतो. म्हणजे शेजारशेजारच्या दोन सुरांमधलं जवळजवळ निम्मं अंतर! पेटीच्या पितळी पत्तीला गरमीने फारसा फरक पडत नाही, पडलाच तर सूर किंचित उतरतो. म्हणजे उन्हाळ्यात एक वर जाणार, दुसरी जागेवर राहणार किंवा खाली येणार. ऑर्गनचं तर आपल्यातच जमत नाही. त्याच्या 'ट्रंपेट' रांगेत पत्त्या आहेत, त्या जागेवर राहतात आणि बाकीच्या नळ्या वर चढतात. मे महिन्यात 'ट्रंपेट'ची खुंटी खेचली की मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं वाटतं. जाणकार वादक त्या दिवसांत त्याला हातच लावत नाहीत.

इतकं साधं कारण असताना या विषयावर तीन बैठका झाल्या आणि नवी पेटी घ्यायचं ठरलं. काकांची पेटी उत्तम आहे. एकेकाळी पेटीवर आकाशवाणीने बंदी घातली होती, १९४० ते १९७१, आणि त्या काळातही पेटीवाले कलाकार टिकून राहिले. काकांच्या पेटीला नावं ठेवून पैसे खर्च करायचं कारण नव्हतं. ते मी बैठकीत बोलले, वाईटपणाही घेतला. पेटी आली नाही, एवढं समाधान.

जुलैत तो सूर अडकला त्याचं कारण दमट हवा. प्रत्येक पट्टीमागे एक लाकडी झडप असते, वर मऊ कातडं लावलेली. पट्टी दाबली की झडप उघडून हवा नळीत जाते, सोडली की स्प्रिंग ती बंद करते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, झडप आपल्या मार्गातल्या खिळ्याला घासते आणि पूर्ण मिटत नाही. झालं, नळी वाजत राहते. बाहेरगावच्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यांनी आधी ॲडव्हान्स मागितला, मग फोन उचलणं बंद केलं. गणपती होऊन गेल्यावर उगवले आणि आल्या आल्या सांगितलं की सगळा ऑर्गन उकलून त्यांच्या कारखान्यात न्यावा लागेल, आणि परत आणल्यावर चर्चमध्ये ए.सी. बसवावा लागेल.

ए.सी.च्या सूचनेने मी खरोखर चिडले. दर रविवारी दोन-तीन तास थंड करायचं आणि बाकी आठवडा तापू द्यायचं, यासारखा त्रास लाकडाला आणि कातड्याला दुसरा नाही. कोरडं-ओलं, गार-गरम असं सतत झालं की लाकडाला भेगा पडतात, कातडं कडक होतं आणि हवा गळायला लागते. शिवाय उपासनेच्या मध्यावर सूर खाली घसरणार तो वेगळाच. विजेचं बिल कोणी भरायचं हाही प्रश्न होताच. आमच्या दानपेटीत विधवा मावश्या दहा-दहाच्या नोटा घडी करून टाकतात. त्या नोटांनी कॉम्प्रेसर चालवायचा?

शेवटी आमच्याच मंडळीतले एक सुतार दादा वर चढले. टॉर्च तोंडात धरून त्यांनी ती झडप शोधली, खिळ्याजवळचं फुगलेलं भोक अगदी बारीक पॉलिश पेपरने हलकेच मोकळं केलं, कातड्यावर बसलेली धूळ ब्रशने झाडली. अर्धा तासही लागला नाही. चहा सोडून काही घेतलं नाही. ॲडव्हान्स अजून परत आलेला नाही.

तेव्हा माझं मत असं होतं की ऑर्गन आता कुलूपबंद करावा आणि त्याच्या निधीतला पैसा बुधवारच्या डब्यांना द्यावा. हे डबे म्हणजे ससूनमध्ये दाखल रुग्णांच्या नातेवाइकांसाठी महिला मंडळ पोळी-भाजी करतं ते. खेड्यातून आलेली माणसं आवारात बसून असतात, हातात पैसा नसतो, कोण कुठला हे कोणी विचारत नाही. वर्षभरात एकही बुधवार चुकला नाही, भर पावसातही नाही. सगळ्या कार्यक्रमातली मला सर्वांत पटलेली गोष्ट हीच. पोळ्या लाटायला हात कमी पडतात, गाता येत नसेल त्यांनी इथे यावं.

माझं हे मत सप्टेंबरच्या शेवटी बदललं. संध्याकाळच्या उपासनेत नारायण वामन टिळकांचं एक भजन होतं. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नंतर ख्रिस्ताबद्दल लिहिलं ते ओवी-अभंगाच्या वळणाने, त्यामुळे त्यांची पदं आम्ही नेहमी पेटी-तबल्यावरच म्हणतो. त्या दिवशी तबलजी आले नव्हते. सरांनी ऑर्गनची सर्वांत मऊ रांग उघडली आणि फक्त षड्ज आणि पंचम धरून ठेवला, तंबोऱ्यासारखा. पेटी बंद. काकाच टाळ घेऊन गायला उभे राहिले. त्या दगडी इमारतीत तबल्याचे बोल नेहमी एकमेकांत मिसळून गढूळ होतात, शब्द बुडतात. इथे प्रत्येक अक्षर मागच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचलं. शेवटच्या ओळीला सगळी मंडळी बसल्या जागी गायला लागली, कोणी हात केला नव्हता. माझ्या शेजारच्या आजींना डोळ्यांनी नीट दिसत नाही, त्यांना सगळी कडवी पाठ होती.

आता मला वाटतं की ऑर्गन ठेवावा, वाजवावा, पण ऋतू बघून. आणि पेटीशी त्याची जोडी उन्हाळ्यात लावू नये.

बाकीचं थोडक्यात. स्पीकर वाईट आहेत, संदेशाच्या (प्रवचनाच्या) वेळी तिसऱ्या खांबामागे बसू नका, काही कळत नाही. शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांची धर्मशिक्षणाची शाळा, चांगली चालते, मुलांना चित्रं रंगवायला देऊन गप्प बसवत नाहीत, खरोखर शिकवतात. तरुण संघाची बैठक वेळेवर कधीच सुरू होत नाही. हंगामाचा सण मात्र जरूर बघावा. भोपळे, अंडी, कोंबड्या, नारळ, घरची लोणची वेदीपुढे मांडतात आणि नंतर लिलाव होतो. यंदा एक लाल भोपळा एका काकांनी घेतला, पैसे भरले आणि परत लिलावात ठेवला. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. एकाच भोपळ्यावर मंडळी मनापासून पैसे मोजत होती आणि सगळे डब्यांच्या खात्यात गेले. भोपळा शेवटी बुधवारच्या भाजीत पडला.

आता पुढचं. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, ३० नोव्हेंबरच्या रविवारी सुरू होतो आणि ते चारही रविवार ऑर्गन पूर्ण वाजणार आहे. हवा गार, सूर खाली आणि स्थिर, त्यामुळे हाच त्याचा मोसम. २१ डिसेंबरच्या संध्याकाळी नऊ शास्त्रपाठ (बायबलमधली वाचनं) आणि नाताळगीतांची उपासना आहे. ही पद्धत इंग्लंडात ट्रूरो इथे १८८० साली सुरू झाली, आमच्याकडे निम्मे पाठ मराठीत वाचतात आणि दोन गीतं पेटीवर होतात. एकच उपासना करायची असेल तर हीच करा. तिकीट नाही, पास नाही, कुठल्याही धर्माच्या माणसाला मज्जाव नाही. अर्धा तास आधी या आणि डाव्या बाजूला मधल्या बाकांवर बसा, नळ्या त्या बाजूला आहेत. नाताळच्या आदल्या रात्री गर्दीत ऑर्गन ऐकूच येत नाही, तेव्हा संगीतासाठी येत असाल तर तो दिवस टाळा. ३१ डिसेंबरच्या रात्री जागरणाची उपासना शांत असते, ती मला फार आवडते.

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आहे. उपवासकाळात दर शुक्रवारी संध्याकाळी फक्त भजनं, पेटीवर. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी १२ ते ३ येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर मनन, तेव्हा कुठलंच वाद्य वाजत नाही, सगळं गायन नुसत्या गळ्याने. ईस्टर ५ एप्रिलला पहाटे आहे. पहाट म्हणजे गारवा असेल, तेवढ्या वेळापुरती दोन्ही वाद्यं जमायला हरकत नाही. त्यानंतर पाऊस संपेपर्यंत पेटीच बरी.

गाडी घेऊन येऊ नका, जागा मिळत नाही आणि शेजारच्या दुकानदारांशी वाद होतो.

जानेवारीच्या सभेत माझे दोन ठराव आहेत आणि मंडळीतल्या ज्यांना हे पटतं त्यांनी हात वर करायला यावं. पहिला, ऑर्गन सुरात लावून घ्यायचं काम दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात व्हावं, मे महिन्यात नाही, कारण उन्हाळ्यात लावलेला 'ट्रंपेट' थंडीत पुन्हा बेसूर होतो. दुसरा, ए.सी.चा प्रस्ताव रद्द करून ॲडव्हान्सच्या वसुलीसाठी दुरुस्तीवाल्याला लेखी पत्र जावं.